वाचकाचा एकांत



आकाशवाणीवरून बोलणाऱ्या मनुष्यास एक गोष्ट कधीच कळत नाही. ती ही की, आपले बोलणे नेमके कोण ऐकत आहे. परभणीत कोणी गृहिणी भाकरी थापता थापता ऐकत असेल, गंगाखेडास कोणी दुकानदार ऐकत असेल, जिंतुराकडे कोणी शेतकरी बांधावर बसून ऐकत असेल. त्यांपैकी एकाचेही नाव वक्त्यास कळत नाही व केंद्रातील कोणत्याही वहीत लिहिले जात नाही. रेडिओच्या लहरी सर्वांच्या घरांवरून सारख्याच जातात; त्या कोणी टिपल्या आणि कोणी सोडून दिल्या, हे लहरींस ठाऊक नसते. एके काळी रेडिओ बाळगण्यास परवाना लागे व त्याचे शुल्क टपाल कचेरीत भरावे लागे. परंतु त्या परवान्यावरून घरात रेडिओ आहे एवढेच कळे. रात्री दिवा मालवून घरमालक कोणते केंद्र लावतो, हे कोणासही कळत नसे.

हा जो श्रोत्याचा एकांत, तो रेडिओने आपणांस न मागता दिला. इंटरनेटने मात्र तो काढून घेतला, आणि काढून घेतल्याचे आपल्या ध्यानातही आले नाही. हा एकांत वाचकास परत कसा देता येईल, म्हणजे चालू असलेल्या एखाद्या उघड संकेतस्थळास अनामिक वाचकांकरिता दुसरे, गुप्त दार कसे जोडता येते, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय यंत्रशास्त्राचा दिसतो खरा. परंतु त्याच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो प्रत्येक सुशिक्षित घराचा आहे.

प्रथम आपली सांप्रतची स्थिती पाहू. आपण मोबाईलवर एखादे संकेतस्थळ उघडतो तेव्हा आपल्या जोडणीचा क्रमांक, ज्यास आय.पी. क्रमांक म्हणतात, तो त्या स्थळाच्या यंत्रास कळतो. वेळ, पान आणि क्रमांक यांची नोंद तेथे आपोआप होते. वाटेत जी दूरध्वनी कंपनी आपणांस जोडणी देते, तिलाही आपण कोणत्या स्थळाकडे गेलो हे बहुधा कळते. हल्ली बहुतेक स्थळांच्या जोडणीस कुलूप असते. त्या कुलपामुळे वाटेतल्या मनुष्यास पानावरचा मजकूर दिसत नाही, हे खरे. परंतु गिऱ्हाईक कोणत्या दुकानात शिरले हे त्या कुलपाने झाकले जात नाही. शिवाय पानापानांवर जाहिरातवाल्यांचे हेर बसविलेले असतात, ते निराळेच.

येथे वाचनालयाचा दाखला घेण्यासारखा आहे. ग्रंथपाल आपले नाव वहीत लिहितो, त्यात वावगे काही नाही. कारण पुस्तक परत यावयाचे असते. तारेवरून वाचलेले पान मात्र कोणासच परत करावयाचे नसते. असे असता वाचणाऱ्याची नोंद कशासाठी? ग्रंथपालाच्या वहीस जे कारण आहे ते या नोंदवहीस नाही, आणि तरीही ही वही त्या वहीहून कितीतरी अधिक तपशिलाची असते.

पुण्यामुंबईच्या मनुष्यास गर्दीचा थोडाबहुत आडोसा मिळतो. आमच्या जिल्ह्यासारख्या ठिकाणी तोही नाही. येथे मोबाईलचे दुकान ओळखीचे, जोडणी देणारा ओळखीचा आणि संगणक दुरुस्त करणाराही ओळखीचाच. एखाद्या स्त्रीस नवऱ्याच्या मारहाणीविरुद्ध कायदा काय सांगतो हे वाचावयाचे आहे. एखाद्या तरुणास मनाच्या आजाराविषयी वाचावयाचे आहे. एखाद्या कारकुनास आपल्याच कचेरीतील लाचखोरीची तक्रार कोठे करावी हे पाहावयाचे आहे. यांपैकी कोणीही अपराधी नाही. तथापि ‘वाचले’ ही वार्ता बाहेर फुटली तर त्यांची किती हानी होईल, हे लहान गावात राहणाऱ्यास सांगावयास नको. आणि ज्यास पाहिले जाण्याचे भय वाटते तो पुष्कळदा वाचीतच नाही. मला ही हानी सर्वांत मोठी वाटते, कारण न वाचलेल्या पानाची नोंद कोणत्याच वहीत सापडत नाही.

आपल्याकडे हे भय नवीन नाही. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या राज्यात सभा भरविण्यास सरकारची परवानगी घ्यावी लागे. बाहेरील कित्येक वृत्तपत्रांस प्रवेशबंदी होती. आणि १९३८ साली स्टेट काँग्रेस ही संस्था तर नीट उभी राहण्यापूर्वीच बेकायदा ठरविण्यात आली. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतुरास भरले. परतूर हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच होते. अशा राज्यात एखादे वृत्तपत्र हाती धरणे हीच एक कृती होती, आणि ती कोणी पाहिली तर तिचा जाब द्यावा लागे. वाचणे व बोलणे यांत तेथे फार अंतर उरले नव्हते.

याच सुमारास मुंबईत जे घडले ते आजच्या विषयाच्या फार जवळचे आहे. १९४२ च्या ऑगस्टात ‘चले जाव’चा ठराव झाला, पुढारी तुरुंगात गेले आणि वृत्तपत्रांची तोंडे बंद करण्यात आली. तेव्हा उषा मेहता या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीने व तिच्या सहकाऱ्यांनी एक गुप्त नभोवाणी केंद्र चालविले. त्यास ‘काँग्रेस रेडिओ’ म्हणत. डॉ. राममनोहर लोहिया यांचे त्यास साहाय्य होते. वर्ध्याकडील आष्टी व चांद्याकडील चिमूर येथे झालेल्या अत्याचारांसारख्या ज्या वार्ता छापण्याची कोणासही सोय नव्हती, त्या या केंद्रावरून लोकांस कळल्या.

या केंद्राच्या युक्तीत दोन गोष्टी होत्या, व त्या वेगवेगळ्या ध्यानी घेतल्या पाहिजेत. ४२.३४ मीटर ही आपली तरंगलांबी ते प्रत्यही उघडपणे सांगत. न सांगून चालतेच ना, कारण त्यावाचून श्रोत्याने ऐकावे कसे? परंतु जागा मात्र ‘हिंदुस्थानात कोठेतरी’ एवढीच सांगत, व यंत्र एका घरातून दुसऱ्या घरात हलवीत. पत्ता उघड आणि ठिकाण गुप्त, हे यातील रहस्य होय. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घालून केंद्र बंद पाडले. पोलिसांच्या लहरी शोधणाऱ्या गाड्या कित्येक दिवस फिरत होत्या. पण नेमके ठिकाण कळले ते केंद्राशी संबंध असलेल्या एका यंत्रज्ञाकडून. उषाबाईंस चार वर्षांची शिक्षा झाली. लहरीने दगा दिला नाही, माणसाने दिला. हा धडा पुढे आपणांस पुन्हा लागणार आहे.

गोव्याच्या मुक्तिलढ्यातही असेच केंद्र झाले. वामन सरदेसाई व लिबिया लोबो यांनी २५ नोव्हेंबर १९५५ पासून ‘स्वातंत्र्याचा आवाज’ हे केंद्र सरहद्दीवरील रानांतून, प्रथम आंबोलीच्या बाजूस व नंतर कॅसलरॉकच्या बाजूस राहून, पोर्तुगीज व कोंकणी भाषांत चालविले; ते १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत चालले. सालाझारच्या पोलिसांस ते ऐकू येत असे, परंतु कोणत्या घरात ते ऐकले जात आहे हे त्यांस सहजी कळत नसे. लिबियाबाईंस भारत सरकारने २०२५ साली पद्मश्री दिली.

आता मूळ विषयाकडे वळू. इंटरनेटवर बोलणारा व ऐकणारा या दोघांसही जो आडोसा देता येतो, त्या व्यवस्थेचे नाव टॉर. टॉर हे इंग्रजी आद्याक्षरांचे नाव असून त्याचा अर्थ कांद्याप्रमाणे वाट दाखविणारा, असा काहीसा होतो. ही कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत १९९० नंतरच्या दशकात निघाली. २००२ साली तिचे जाळे प्रत्यक्ष सुरू झाले. आणि २००६ पासून एक सार्वजनिक, ना-नफा संस्था ते काम पाहते. नौदलाने ते खुले का केले, असा प्रश्न सहजच येतो. उत्तर सोपे आहे. ज्या वाटेने केवळ नौदलाचेच लोक जातात, त्या वाटेवरचा प्रत्येक प्रवासी नौदलाचाच हे उघड होते. गर्दीवाचून आडोसा नाही.

कांद्याची युक्ती टपालाच्या दाखल्याने समजेल. समजा, परभणीच्या गृहस्थास सेलूच्या एका मित्रास पत्र पाठवावयाचे आहे, पण ते कोणी कोणास पाठविले हे वाटेत कोणासही कळू द्यावयाचे नाही. तो पत्र एका पाकिटात घालतो व त्यावर सेलूचा पत्ता लिहितो. ते पाकीट दुसऱ्यात घालून त्यावर मानवतच्या मनुष्याचा पत्ता लिहितो. ते तिसऱ्यात घालून पाथरीच्या मनुष्याचा, आणि ते चौथ्यात घालून पूर्ण्याच्या मनुष्याचा. पूर्ण्याचा मनुष्य वरचे पाकीट फोडतो. त्यास पत्र परभणीहून आले व पाथरीस जावयाचे एवढेच कळते. पाथरीच्या मनुष्यास पूर्णा व मानवत एवढेच ठाऊक. मानवतच्या मनुष्यास सेलू ठाऊक, परंतु परभणी ठाऊक नाही. पूर्ण वाट एकासही ठाऊक नाही. टॉरच्या जाळ्यात असे हजारो मध्यस्थ संगणक जगभर आहेत, ते स्वयंसेवकांनी चालविलेले आहेत, आणि पाकिटांच्या जागी गणिताची कुलपे आहेत. एकेक मध्यस्थ कांद्याचा एकेक पापुद्रा काढतो.

आतापर्यंत आडोसा झाला तो फक्त वाचकास. परंतु सेलूच्या मित्रासही आपले घर गुप्त ठेवावयाचे असेल तर? त्याकरिता दुसरी युक्ती आहे. तो काही ठिकाणी आपले निरोपे बसवून ठेवतो व त्यांची नावे एका सार्वजनिक फलकावर गुप्त रीतीने लावतो. वाचक फलक पाहतो, आपल्या पसंतीची एक तिऱ्हाईत जागा ठरवितो व निरोप्याकरवी कळवितो की, ‘अमुक ठिकाणी या.’ मग दोघेही आपापल्या मध्यस्थांच्या वाटेने त्या जागी येतात. दोहोंकडचे मिळून सहा मध्यस्थ होतात. ना वाचकास घर कळते, ना घरधन्यास वाचक. मराठीत वेबसाइटला ‘संकेतस्थळ’ हा शब्द ज्याने योजिला, त्याच्या मनात हे नसेल. परंतु संकेतस्थळाचा जुना अर्थ आधी ठरवून गुप्तपणे भेटण्याची जागा असाच आहे. आपल्या भाषेने हा शब्द जणू आधीच तयार ठेवला होता.

अशा स्थळाचा पत्ता नेहमीच्या पत्त्यासारखा वाचावयास गोड नसतो. छप्पन्न अक्षरे व अंक यांची ती एक निरर्थक माळ असते, आणि शेवटी ‘अनियन’, म्हणजे कांदा, हा शब्द. ही माळ कोणत्याही कचेरीतून विकत घ्यावी लागत नाही. ती यंत्राने घडविलेल्या किल्लीतूनच निघते. म्हणून ज्याच्यापाशी किल्ली, तोच त्या पत्त्याचा खरा धनी. तोतयास तेथे उभे राहता येत नाही. काँग्रेस रेडिओची तरंगलांबी आणि हा छप्पन्न अक्षरांचा पत्ता यांचे काम एकच: सर्वांस सांगावे, पण ठिकाण सांगू नये.

येथे श्रोते विचारतील की, ज्या संस्थेचे नाव, गाव, कचेरी सर्व उघड आहे, तिला या गुप्ततेची काय जरूर? वृत्तपत्र लपून थोडेच बसले आहे? प्रश्न रास्त आहे व त्याच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. उघड संस्था हे दुसरे दार स्वतःस लपविण्याकरिता उघडीत नाही. आपल्या वाचकास लपता यावे म्हणून उघडते. फेसबुकने असे दार २०१४ साली उघडले. अमेरिकेतील प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०१६ साली, न्यूयॉर्क टाइम्सने २०१७ साली आणि बी.बी.सी.ने २०१९ साली उघडले. त्या अगोदर, २०१५ सालीच, इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या मंडळींनी ‘अनियन’ हे पत्त्याचे शेपूट या कामासाठी अधिकृतपणे राखून ठेवले होते. २०२२ च्या मार्चात रशियाने बी.बी.सी.चे स्थळ बंद केले, तेव्हा तेथील वाचकांस सांगता आले की, पुढचे दार लावले असेल तर मागच्या दाराने या. नियमित ग्राहकांसाठी जे दुकान हमरस्त्यावर असते, त्याचेच दुसरे दार गल्लीत असते, तशातला हा प्रकार; माल एकच, दुकान एकच.

आता हे दार जोडण्याचे काम कितपत अवघड आहे ते सांगतो. चालू स्थळ मोडावे लागत नाही. त्याची दुसरी प्रतही करावी लागत नाही. ज्या यंत्रावर स्थळ आहे त्यावर टॉरचा कार्यक्रम बसवावा. तो फुकट मिळतो. त्याच्या मांडणीच्या फाईलीत मुख्यतः दोनच ओळी लिहावयाच्या असतात. पहिलीत किल्ली कोठे ठेवावी ते सांगावयाचे. दुसरीत, गुप्त वाटेने आलेल्या वाचकास यंत्रातील कोणत्या खिडकीवर न्यावे ते. कार्यक्रम पुन्हा सुरू केला की किल्ली व पत्ता आपोआप तयार होतात. विशेष हे की, यासाठी यंत्राच्या कोटास बाहेरून एकही नवे छिद्र पाडावे लागत नाही, कारण टॉर आतून बाहेर जातो. बाहेरून आत कोणास बोलावीत नाही. नंतर उघड स्थळाच्या उत्तरासोबत एक अदृश्य सूचना जोडावी, म्हणजे टॉरचा ब्राउझर वापरणाऱ्यास ‘यास अनियन दार आहे’ अशी खूण आपोआप दिसते.

एवढ्याने दार उघडते. परंतु ते दार फसवे होऊ नये, याकरिता काही पथ्ये पाळणे अवश्य आहे.

पहिले पथ्य किल्लीचे. ती हरवली तर पत्ता कायमचा गेला, व चोरीस गेली तर तोतया आपल्या नावाने बसला. तिची प्रत निराळ्या जागी, कुलपात ठेवावी. दुसरे पथ्य दुव्यांचे. पानावरील दुव्यांत जर उघड स्थळाचा संपूर्ण पत्ता लिहिलेला असेल, तर वाचक एका दाराने आत येतो आणि पहिल्याच दुव्यावर बोट ठेवताच न कळत हमरस्त्यावर जाऊन उभा राहतो. तिसरे पथ्य परक्या मालाचे. अक्षरांचे वळण एका कंपनीचे, चित्रफीत दुसरीची आणि वाचक मोजण्याचे यंत्र तिसरीचे, अशी पाने हल्ली फार असतात. गुप्त दाराच्या पानावर हे पाहुणे नसावेत. आपल्या घरचेच असावे.

चौथे पथ्य थोडे सूक्ष्म आहे, आणि कुशल माणसेही येथे चुकतात. गुप्त वाटेने येणारा प्रत्येक वाचक यंत्रास घरातूनच आल्यासारखा दिसतो, कारण त्यास टॉरच आत आणून सोडतो. पुष्कळ यंत्रे घरच्या माणसावर विश्वास ठेवितात व त्यास कारभाराची पाने, चालू नोंदींचा तक्ता वगैरे दाखवितात. ती दारे आधी बंद करावी, नाहीतर सर्व जगास माजघर दिसेल. उलटपक्षी, एकाच क्रमांकावरून फार मागण्या आल्या की त्यास हाकलून देण्याची व्यवस्था काही यंत्रांत असते. येथे सर्वांचा क्रमांक एकच दिसतो, म्हणून एका उपद्रवी मनुष्यापायी सर्व सज्जन बाहेर पडतात. उपद्रवास दुसरा उपाय आहे: २०२३ पासून टॉरमध्ये अशी सोय झाली आहे की, गर्दी झाली असता प्रत्येक पाहुण्याच्या यंत्राने आत येण्यापूर्वी एक लहानसे गणित सोडवून दाखवावे. एकास ते जड नाही. हजार खोट्या पाहुण्यांस मिळून मात्र जड जाते.

पाचवे पथ्य हेतूचे. केवळ वाचकास आडोसा द्यावयाचा असेल, तर स्थळाच्या बाजूचे मध्यस्थ कमी करून वेग वाढविता येतो. उघड संस्थेस ते चालते, व वाचकाच्या बाजूचे मध्यस्थ कायम राहतात. परंतु ज्यास स्वतःचे ठिकाणही खरोखर लपवावयाचे आहे, त्याने ही काटकसर करू नये, आणि उघड स्थळ ज्या यंत्रावर आहे त्याच यंत्रावर गुप्त स्थळ तर मुळीच ठेवू नये. दोन्ही दारे एकाच वेळी बंद पडली व एकाच वेळी उघडली, एवढ्यावरून चतुर मनुष्य ताडतो की घर एकच आहे.

आता आक्षेपाचा विचार करू. या आडोशाने चोर, ठक, अमली पदार्थांचे व्यापारी यांचे फावते, असे म्हणतात. आणि ते खरेही आहे. ‘सिल्क रोड’ नावाचा असा एक कुप्रसिद्ध बाजार अमेरिकेच्या पोलिसांनी २०१३ साली बंद केला. तो चालविणारा सापडला, त्यास उघड इंटरनेटवर त्याने आधी करून ठेवलेल्या चुका फार कारण झाल्या. येथेही कच्चा दुवा माणूसच निघाला. अपराध्यास धरण्याचे मार्ग अशा रीतीने राहतातच. मग सज्जनाचा पडदा का काढून घ्यावा? मतदानाच्या खोलीत पडदा असतो. त्याआड पैसे घेऊन मत देणाराही उभा राहतो. म्हणून पडदा काढावा, असे आपण म्हणत नाही. कारण पडद्यावाचून दुर्बलाचे मत त्याचे राहत नाही. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने तर कोणासही आपण कोणास मत दिले हे सांगावयास भाग पाडता येत नाही. जे मतास लागू, ते मत ज्या वाचनातून बनते त्या वाचनास लागू नसावे काय? ‘ज्याचे मन स्वच्छ त्याला लपवावयाचे काय’ असे म्हणणारे गृहस्थही घरचे पत्र पोस्टकार्डावर न लिहिता पाकिटात घालतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की, खासगीपणा हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क आहे.

तथापि या साधनाकडून जे होत नाही तेही सांगितले पाहिजे, नाहीतर ही जाहिरात ठरेल. आपण टॉर वापरीत आहोत ही गोष्ट जोडणी देणाऱ्या कंपनीस दिसू शकते. ती झाकण्यास ‘पूल’ नावाची निराळी सोय घ्यावी लागते. वाचकाने आत जाऊन स्वतःचेच नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून दिला, तर पाकिटे कितीही असोत, व्यर्थ आहेत. मोबाईलमध्येच हेर बसला असेल, किंवा खांद्यावरून कोणी पाहत असेल, तर टॉर काय करणार? वेग कमी असतो. धीर धरावा लागतो. आणि सरकारने एखाद्या तालुक्यातील इंटरनेटच बंद केले, तर पुढचे दार काय आणि मागचे काय, रस्ताच उरत नाही. तेव्हा आपला साधा रेडिओच कामास येतो.

आमच्या जिल्ह्यात आता दैनिकांची, वाचनालयांची, शाळा-महाविद्यालयांची, आरोग्य व कायदेविषयक सल्ला देणाऱ्या संस्थांची संकेतस्थळे आहेत किंवा होऊ घातली आहेत. त्या सर्वांनी उद्याच गुप्त दार काढावे, असे माझे म्हणणे नाही. नाट्यसंमेलनाची निमंत्रणपत्रिका वाचण्यास कोणास एकांत लागत नाही. परंतु ज्या पानावर पीडितेस साहाय्य आहे, मनाच्या रोगावर सल्ला आहे, किंवा भ्रष्टाचाराची तक्रार करण्याची रीत आहे, त्या पानाच्या चालकांनी एक प्रश्न स्वतःस विचारावा: ज्याला याची सर्वांत अधिक गरज आहे, तो न भिता येथे येऊ शकतो काय? उत्तर ‘नाही’ असे आले, तर दोन ओळींची मांडणी, पाच पथ्ये आणि एका जाणत्या तरुणाचे एक-दोन दिवस, एवढ्या मोलात दुसरे दार होते. आणि ते होईपर्यंत निदान एवढे तर आजच करता येईल: वाचकांच्या नोंदी जरुरीपुरत्याच ठेवाव्या, काम झाले की पुसाव्या, आणि जाहिरातवाल्यांचे हेर त्या पानांवरून उठवावे. याला टॉरही लागत नाही. वाचकाविषयी थोडा आदर लागतो.

दिवाणखान्यात बसून आम्ही मुलांस ‘वाचा, वाचा’ असे सांगतो. वाचनाला पुस्तक लागते, प्रकाश लागतो, तसा थोडा एकांतही लागतो. पुस्तके व दिवे यांची सोय मागच्या पिढ्यांनी केली. एकांताची सोय करणे आता आपल्याकडे आले आहे.